ड्युटी लिस्टच्या त्या बाजूला

सव्वीस वर्षं मी सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर. तेवढी वर्षं मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख अधिसेविकेच्या, ऑफिसबाहेरच्या बोर्डासमोर उभी राहून, नावापुढे बोट फिरवत, या महिन्यात नाईट किती आल्या ते मोजत आले. जास्त वाटल्या की दार ढकलून आत जायचं आणि भांडायचं. पाच मेट्रन माझ्याशी भांडून रिटायर झाल्या. त्या खुर्चीत एक दिवस तू बसशील असं कुणी तेव्हा म्हणालं असतं, तर मी त्याला आधी बीपी तपासून घ्यायला सांगितलं असतं.

आदेश 30 मेच्या संध्याकाळी आला, तोही आस्थापनेच्या बाबूंनी व्हॉट्सॲपवर टाकला म्हणून कळला. आमच्या पिढीत निम्म्यांचा वाढदिवस 1 जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. त्यामुळे 31 मेला सगळे एकदम रिटायर होऊन सरकारी दवाखाने आणि कचेऱ्या एका दमात रिकाम्या होतात. आमच्या मेट्रन मॅडमही त्यातल्याच. सहाय्यक अधिसेविकेचं पद कित्येक वर्षं रिकामं, म्हणून सेवाज्येष्ठतेत पहिली असलेल्या परिसेविकेच्या (वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या), म्हणजे माझ्या, गळ्यात 'पुढील आदेशापर्यंत अधिसेविका पदाचा अतिरिक्त कार्यभार' पडला. अतिरिक्त म्हणजे फिमेल सर्जिकल वॉर्डची इन्चार्जही मीच. तो शब्द मी तीनदा वाचला.

मला वाटलं होतं चार्ज घेणं म्हणजे चाव्यांचा जुडगा घ्यायचा, पेढा खायचा आणि सही करायची. मॅडमनाही तसंच वाटत होतं. पण डेड स्टॉकचं, म्हणजे दवाखान्याच्या टिकाऊ वस्तूंचं, रजिस्टर उघडलं आणि पहिल्याच पानावर अडले. बेडपॅन 61. आदल्याच दिवशी मी वॉर्डावॉर्डांतून आकडे मागवले होते, बेरीज 38 येत होती. व्हीलचेअर 14, त्यातल्या चाकांवर चालणाऱ्या पाच. काचेच्या सिरिंज उकळायचे स्टरिलायझर चार, जे माझ्या ट्रेनिंगच्या काळातसुद्धा अडगळीतच होते.

"सही कर गं," मॅडम म्हणाल्या, "माझं ना-देय प्रमाणपत्र अडकलंय, पेन्शनचे कागद पुढे जात नाहीत." यातला पेच बाहेरच्यांना कळायचा नाही. सरकारी दवाखान्यात वस्तू मोडली म्हणून फेकता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं: समिती बसते, वस्तू पाहते, किंमत ठरवते, मंजुरी येते, मग भंगार निघतं. तोवर ती कागदावर जिवंत. आणि मी सही केली की दुसऱ्या दिवसापासून तेवीस बेडपॅनची जबाबदारी माझी, उद्या ऑडिटनं विचारलं तर वसुली माझ्या पगारातून. मॅडमनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कॅथेटर घालायला शिकवलं होतं. त्यांना नाही म्हणताना मला खरोखर घाम फुटला.

शेवटी प्रत्येक पानावर पेन्सिलीनं दोन रकाने आखले, 'नोंदवहीप्रमाणे' आणि 'प्रत्यक्ष'. रिटायर झालेली बाई पुढचे नऊ दिवस रोज डबा घेऊन आली आणि आम्ही दोघी, सोबत एक मामा (वॉर्डातला कक्षसेवक), अख्खं सिव्हिल फिरलो. सतरा बेडपॅन गच्चीवर सापडले, बुडं गळालेले, पावसाचं पाणी साचून आत डासांच्या अळ्या वळवळत असलेले. खाली मलेरिया-डेंगीचा वॉर्ड आणि वर ही आमची नर्सरी. उरलेले सहा टीबी वॉर्डाच्या मागच्या खोलीत. हिशोब जुळला, मॅडमचे कागद गेले. ज्यांना चार्ज घ्यायचा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मोजल्याशिवाय सही करू नका, समोर तुमची सख्खी आई असली तरी. आणि मोजायला तिला सोबत घ्या.

मेट्रन म्हणजे काय करते, असा प्रश्न माझ्या धाकट्या जावेनं विचारला होता. "राऊंड मारते आणि ओरडते, ना?" खोटं नाही ते. पण त्या राऊंडमध्ये काय काय येतं ते मलाही आत गेल्यावरच कळलं. सिस्टर आणि ब्रदर तर आलेच. त्यांच्याखेरीज कक्षसेवक, धोबीघरातून येणाऱ्या चादरी, पेशंटच्या जेवणाचा आकडा, नर्सिंग स्कूलच्या मुलींचं पोस्टिंग, पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या डब्यांतला कचरा आणि तो 48 तासांच्या आत उचलला गेला की नाही हे पाहणं. सफाई कामगार ठेकेदाराचे, त्यांची हजेरी ठेकेदाराचा माणूस घेतो. पण संडास घाण असला की सीएस सर, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, फोन मेट्रनला करतात. मी माणूस नेमू शकत नाही, काढू शकत नाही, एक बादलीसुद्धा स्वतःच्या सहीनं विकत घेऊ शकत नाही. सगळ्याची विनंती करायची. माझ्या स्वतःच्या हातात असते ती एकच गोष्ट, दर महिन्याच्या 25 तारखेला बोर्डावर लागणारी ड्युटी लिस्ट.

हिशोब साधा आहे आणि म्हणूनच सुटत नाही. वॉर्डात चोवीस तास एक सिस्टर उभी हवी, तर सकाळ, संध्याकाळ, नाईट मिळून आठवड्याला 21 पाळ्या होतात. नाईट बारा तासांची, तिच्यानंतर नाईट ऑफ. मग साप्ताहिक सुट्ट्या, किरकोळ रजा, अर्जित रजा, 180 दिवसांची प्रसूती रजा, अख्ख्या नोकरीत मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा. हे सगळं धरलं तर एका जागेसाठी चार-पाच माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण जनरल हॉस्पिटलला पाच खाटांमागे एक परिचारिका असं आहे, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के राखीव. आमच्या मेल मेडिकल वॉर्डाला जुलैच्या एका रात्री 36 पेशंट होते, त्यात दोन सर्पदंशाचे, आणि सिस्टर एक. राखीव कुणी नाही. मीच राखीव.

जूनची लिस्ट मॅडम लावून गेल्या होत्या. जुलैची मी केली, घरी, जेवणाच्या टेबलावर, खोडरबर घेऊन, चार रात्री. त्या आठवड्यात ऑफिसात आणि फोनवर येऊन गेलेली कारणं मी वहीत लिहून ठेवली आहेत. मुलगा बारावीला. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार. पाचवा महिना लागलाय, नाईट नको. नवरा ट्रकवर, घरी मुलगी एकटी. कंबर. कंबर. पुन्हा कंबर. यातलं एकही कारण खोटं नव्हतं हीच पंचाईत. एवढी वर्षं मला वाटत आलं होतं की मेट्रनला माणुसकी नसते. आता दिसलं की एकीला माणुसकी दाखवली की तिची नाईट दुसरीच्या नावावर जाते, आणि ती दुसरी बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची कंत्राटी पोर असते, जी तक्रार करायला आत येतच नाही.

कुठेही न लिहिलेली एक यादी असते, कायम मॉर्निंगवाल्यांची. कुणी ती केलेली नसते, पण ती सगळ्यांना पाठ असते. त्यात सातजणी निघाल्या. एक माझी जिवलग मैत्रीण, गेली अकरा वर्षं ओपीडीला, मानेच्या दुखण्याच्या जुन्या सर्टिफिकेटवर. मी सातहीजणींना ऑगस्टपासून संध्याकाळच्या पाळ्या लावल्या, आणि ज्यांना दुखणं आहे त्यांनी मेडिकल बोर्डाकडून नव्यानं तपासून घ्यावं असं पत्र काढलं. चौघींनी तपासून घेतलं, दोघींचं दुखणं खरंच गंभीर निघालं, त्यांना सकाळच ठेवली. मैत्रिणीनं तपासूनही घेतलं नाही आणि भांडलीही नाही. इव्हनिंगला येऊ लागली. आम्ही वीस वर्षं एका डब्यात जेवलो. आता तिचा डबा ओपीडीत उघडतो. मी केलं ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, आणि दुपारी दीड वाजला की जेवण नकोसं होतं.

संघटनेचे दोन पदाधिकारी येऊन बसले, चहा प्यायले, "मॅडम, तुम्ही आपल्याच" असं म्हणाले. त्यांनाही नाईट लावली. त्यावर फार लिहीत नाही.

चूक मात्र माझीही झाली, आणि ती मोठी. माणसं समान वाटायच्या नादात मी नावं मोजली, हात नाही मोजले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आयसीयूच्या नाईटला दोघी नवीन लागल्या. दोघी हुशार, पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीनं कधी सांभाळला नव्हता. रात्री पावणेदोनला नाईट सुपरवायझरचा फोन आला. मी साडीवर ॲप्रन चढवून गेले. पेशंट वाचला. त्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांचा वाटा माझ्यापेक्षा मोठा. त्या पोरींपैकी एक हात थरथरतोय म्हणून इंजेक्शन भरायला तयार नव्हती. तिला मी रागावले नाही, तिला तिथे लावणारी मीच होते. तेव्हापासून लिस्ट करताना मी जुन्यांची नावं लाल पेनानं लिहिते आणि आयसीयू, लेबर रूम आणि एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष) या तीन ठिकाणी लाल नावाशिवाय एकही रात्र जाऊ देत नाही.

एसएनसीयूचं तर मला वेगळंच भय आहे. 9 जानेवारी 2021च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलच्या आयसीयूत आग लागून अकरा रुग्ण गेले, आणि पुढच्या कारवाईत परिचारिकाही सापडल्या. तेव्हा मी इन्चार्ज होते, बातमी वाचून रडले आणि ड्युटीवर गेले. आता ती बातमी वेगळी वाचता येते. असं काही घडलं की पहिला प्रश्न असतो, त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, आणि उत्तर माझ्या सहीच्या कागदावर असतं. म्हणून राऊंडला गेले की मी चादरीआधी दारं पाहते. मागचं दार कुलूपबंद तर नाही, चावी कुणाकडे, अग्निशामक नळकांडं भरल्याची तारीख काय, एका सॉकेटला किती प्लग लोंबताहेत. मुली मला मागे 'चावीवाली बाई' म्हणतात हे मला माहीत आहे.

सप्टेंबरात एका ब्रदरला सुई टोचली आणि त्यानं ते दोन दिवस लपवलं. रागावतील म्हणून. मला कळलं ते वॉर्डातल्या मावशींकडून. एचआयव्हीची बाधा टाळायची औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हायला हवीत, पुढे 28 दिवस घ्यायची, हे त्याला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, त्याला मी हाताला धरून नेला तेव्हा बहात्तरातले एक्कावन्न तास संपले होते. त्यानंतर मी बोर्डावर माझा मोबाईल नंबर लावला आणि खाली लिहिलं, सुई टोचली तर आधी मला फोन, रागावणं नंतर. पहिल्या महिन्यात तीन फोन आले. म्हणजे आधीही टोचत होत्याच.

कॅज्युअल्टीतल्या सिस्टरवर नातेवाईकानं हात उगारला, त्या रात्री तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चार तास बसले. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्धच्या 2010च्या महाराष्ट्राच्या कायद्यात डॉक्टरांसारखीच परिचारिकाही येते, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. फिर्याद एकट्या मुलीच्या नावावर ठेवू नका, दवाखान्याचं पत्र सोबत जोडा, हे तिथल्याच एका हवालदारांनी सांगितलं. नाहीतर गावातला कुणी पुढारी येऊन रात्रीत तिलाच समजावतो.

आणि कायाकल्प. 2015पासूनची ही केंद्राची योजना, स्वच्छतेला गुण, आधी आपणच आपले देतो, मग शेजारच्या दवाखान्याची टीम, मग बाहेरची. बक्षिसाच्या यादीत यायचं तर सत्तर टक्के हवेत. शेजारच्या टीमनं आमचे गुण कापले ते प्रामुख्यानं एका मुद्द्यावर, गच्चीवरचं भंगार. सीएस सरांनी मीटिंगमध्ये माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून जूनमधलं माझं पत्र काढलं, निर्लेखन समिती नेमण्याबाबत, सोबत दोन रकान्यांची यादी. त्याची आवक नोंदवलेली प्रत मी चार महिने पिशवीत घेऊन फिरत होते. पुढच्या पंधरवड्यात समिती बसली. सतरा बेडपॅन, नऊ व्हीलचेअर आणि चार स्टरिलायझर ट्रकमध्ये चढले तेव्हा मी मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांनी हात जोडल्याचे तीन इमोजी पाठवले आणि लगेच फोन करून विचारलं, "रजिस्टरवर कमी केलंस ना?"

केलं होतं.

कायम मेट्रन येणार अशी हवा दर महिन्याला उठते. 'पुढील आदेश' अजून आलेला नाही, आणि आज 22 तारीख. लेबर रूमच्या दोन लाल नावांना एकाच दिवशी सुट्टी हवी आहे. लग्न आहे, आणि ते एकच लग्न आहे. एक मुलीची मावशी, एक मुलाची आत्या. दोघी आत्ता बाहेर बाकावर शेजारी शेजारी बसल्या आहेत.