"जीझस!" तोंडातून निघालं, तर?

नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणाच्या हातून कॉफी सांडली किंवा द्वारका चौकात रिक्षा अंगावर आली, की हल्ली बऱ्याच तरुण तोंडांतून "जीझस!" बाहेर पडतं. म्हणणाऱ्याच्या घरी गणपती बसतो, वर्षातून एकदा वणीला फेरी होते. त्याच्या लेखी हा शब्द म्हणजे इंग्रजी मालिकांतून आलेलं "अरे बापरे". शेजारच्या टेबलावर शरणपूर रोडचं एखादं ख्रिस्ती कुटुंब बसलेलं असेल, तर त्यांना मात्र ते नाव ऐकू येतं. त्यांच्या घरची प्रार्थना "येशूच्या नावाने मागतो, आमेन" अशी संपते.

ज्याचा तो देव नाही त्याने हे टाळावं का? टाळावं, असं माझं मत आहे. पण भावना दुखावतात, कायदा आहे, पाप लागतं, ही जी तीन कारणं सहसा दिली जातात, त्यातली शेवटची दोन कच्ची आहेत. आणि पहिलंही नीट कळायचं, तर नाव घेण्याच्या दोन अगदी उलट रीती आधी बघाव्या लागतात.

आपल्याकडे नाव कसंही घेतलं तरी लागू पडतं. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना हाक मारतो ती धाकट्या मुलाला. मुलाचं नाव नारायण, आणि तेवढ्यावर विष्णुदूत हजर! तिथंच पुढे सांगितलंय की नाव दुसऱ्या कुणाला उद्देशून, थट्टेत, गाण्यात भर म्हणून किंवा अगदी हेटाळणीने घेतलं तरी पाप जातं. वाल्या कोळ्याने तर "मरा मरा" म्हटलं आणि भागलं. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेली दिंडी चालताना, दमल्यावर, ठेच लागल्यावर तेच नाव घेते. आपली भाषाही रामाने भरलेली आहे: भेटलो की "रामराम", वाईट बातमी आली की "राम राम राम", फसलेल्या नाटकात "काही राम नाही", माणूस गेला की "राम म्हटला", आणि कारभार कायम "रामभरोसे". नामापराध म्हणून दहा गोष्टी सांगितल्या आहेत खऱ्या, नामाच्या जोरावर खुशाल पाप करणं हा त्यातलाच एक. पण पायावर पाटा पडल्यावर "अरे देवा" ओरडणं त्या दहांत नाही.

बायबलची रीत याच्या उलटी. तिथल्या दहा आज्ञांपैकी एक, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली सातवी ओवी, सांगते की परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. ("दुसरी आज्ञा" की "तिसरी" यावर वाद घालू नये. कॅथलिक तिला दुसरी म्हणतात, शरणपूरच्या सेंट अँड्र्यूजसारख्या प्रोटेस्टंट परंपरेच्या चर्चमध्ये ती तिसरी. आज्ञा तीच, मोजणी वेगळी.) "व्यर्थ"साठी मूळ हिब्रू शब्द आहे "शाव्ह": पोकळ, खोटं. सुरुवातीला रोख मुख्यतः देवाच्या नावाने घेतलेल्या खोट्या शपथेवर होता, म्हणजे आपल्याकडे बेलभंडार उचलून खोटं बोलावं तसा. पुढे अर्थ रुंदावत गेला. यहुदी लोकांनी तर देवाचं ते चार अक्षरी नाव (मराठीत "यहोवा") वाचणंच सोडलं. समोर दिसलं की "अदोनाय" म्हणजे "प्रभू" असं वाचायचं, आणि एरवी बोलताना "हाशेम", म्हणजे नुसतंच "ते नाव".

ही जपणूक किती टोकाची होती ते मिश्ना या जुन्या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातल्या देवनिंदेच्या खटल्यावरून कळतं. साक्षी चालू असताना साक्षीदारही नाव उच्चारत नसत, त्या जागी "योसे" हे बदली नाव वापरत. निकालाच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढायचं, मुख्य साक्षीदाराने ऐकलेलं एकदाच जसंच्या तसं सांगायचं, न्यायाधीशांनी उभं राहून वस्त्रं फाडायची. दुसऱ्या साक्षीदाराने फक्त "मीही तेच ऐकलं" एवढं म्हणायचं.

आता "येशू" या नावाचा अर्थ बघा: यहोवा तारण करतो. म्हणजे ज्या नावाभोवती एवढा पहारा, तेच थोडक्यात या नावात बसलेलं आहे. आणि "क्राइस्ट" हे काही आडनाव नव्हे. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, मसीहा. "जीझस क्राइस्ट!" असं ओरडणारा शिवीच्या जागी नकळत आख्खा श्रद्धेचा कबुलीजबाब देत असतो.

घोळ इथे होतो. आपल्या हिशेबात कसंही घेतलेलं नाव जमेला पडतं, त्यांच्या हिशेबात पोकळ घेतलेलं नाव खर्ची पडतं. म्हणून "अहो, नावच तर घेतलं, चांगलंच की!" असं हिंदू मित्र मनापासून म्हणतो आणि ख्रिस्ती मित्र गप्प बसतो. दोघंही खरेच असतात.

पापाचं कारण कच्चं का? बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात देवनिंदेची शिक्षा देशी आणि परदेशी दोघांना सारखीच सांगितली आहे हे खरं, पण ते परदेशी इस्राएलच्या छावणीत राहणारे. कॅथलिक शिकवण आणखी स्पष्ट आहे. देवाविरुद्ध द्वेषाने, आव्हान देत बोलणं ही ईशनिंदा, आणि तसा हेतू नसताना नाव शिवीसारखं वापरणं हा अनादर. सवय आणि बेसावधपणा यांनी दोष कमी होतो असंही तिथं मानलं जातं. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (जुनं २९५-अ) आणि ३०२ (जुनं २९८) या दोन्हींत हेतू जाणूनबुजून असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितलं आहे की अनवधानाने, बेफिकिरीने झालेला अपमान २९५-अ मध्ये बसत नाही. सांडलेल्या कॉफीवरचं "जीझस" कुठल्याही पोलीस ठाण्यात टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मग उरतो तो शेजारी. खर्च त्याच्या खात्यात पडतो आणि आपल्याला तो शब्द न वापरण्याची किंमत शून्य आहे. माझ्या मते एवढं पुरतं.

सगळे शब्द सारख्या वजनाचे नाहीत. "ओ माय गॉड"ला मराठी ख्रिस्ती माणूस सहसा दचकत नाही, तोही "अरे देवा" म्हणतोच. मूळच्या गोव्याच्या घरात "सायबा भोगोस!" ऐकू येतं, पण तो उद्गार असला तरी प्रार्थनाच आहे: प्रभू, क्षमा कर. "जीझस" त्याहून जड, "जीझस क्राइस्ट" आणखी जड, आणि दोहोंच्या मध्ये इंग्रजी शिवी खुपसली की सगळ्यात वाईट. "गॉड डॅम इट" लोक सर्रास वापरतात, पण शब्दशः ती देवाकडे केलेली शापाची मागणी आहे.

इंग्रजांनी यावर मोडक्या शब्दांची पळवाट काढली. "गॉश", "गॉली" हे गॉडचे तुकडे, "जी", "जीझ" हे जीझसचे. तिथं १६०६ साली रंगभूमीवर देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव थट्टेत घेतल्यास दर वेळी दहा पौंड दंडाचा कायदाच झाला होता. आपल्याकडे हेच काम "आयला" आणि "च्यायला" करतात, फक्त आपण तुकडे पाडले ते आईवरच्या शिवीचे. क्वेबेकमधले फ्रेंच भाषक तर चर्चमधल्या वस्तूंची नावं शिवी म्हणून वापरतात. जिथं जे सगळ्यात पवित्र, तिथंच जीभ जाते. माझ्या मते "गॉश" चालेल, "जीझ" नको. ऐकणाऱ्याचा कान उरलेलं अक्षर स्वतःच पुरं करतो. उपशीर्षकं लिहिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: वैतागातल्या "जीझस"चं मराठी "येशू!" होत नाही. मराठीत ते नाव शिवी झालेलंच नाही, आणि ही फार चांगली गोष्ट आहे.

सवय मोडताना चूक होते ती शब्द गिळायला जाण्यात. उद्गार विचाराच्या आधी निघतो, त्यामुळे पहिलं अक्षर सुटतंच. गिळण्यापेक्षा बदली शब्द तयार ठेवावा, आणि तोही तितकाच झटक्याचा: "बापरे", "अरेच्चा", "अगंबाई". सुरुवात गाडी चालवताना आणि हेडफोन लावून गेम खेळताना करावी, सर्वाधिक उद्गार तिथेच सुटतात. मोबाइलच्या कीबोर्डने तो शब्द शिकून ठेवला असेल, तर अनेक अँड्रॉइड कीबोर्डवर सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की तो काढता येतो.

तरीही निसटलंच, तर "सॉरी, तोंडातून गेलं" एवढं पुरे. "आम्ही रामाचंही नाव घेतो" हे स्पष्टीकरण त्या क्षणी वादासारखं ऐकू येतं, मनात तसं नसलं तरी.

आणि या धास्तीने नावच टाळू नये. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, तिला "ती यात्रा" म्हणायची गरज नाही. "येशूजी" असंही म्हणावं लागत नाही. मराठी बायबलात "येशू त्याला म्हणाला" असंच एकेरी आहे, जसा विठ्ठल "तू" असतो.