हमालीचा रेट कोडात

आज दुपारी लातूरहून फोन, मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचे मुनीमजी. हमाली वाढली, शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पट्टीवर जुनाच रेट येतोय, शेतकरी समोर उभे. सोयाबीनची आवक ऐन जोरात आणि तो रेट मी त्यांच्या प्रोग्रॅमच्या थेट कोडात लिहिलेला. कोड बदला, त्याचा नवीन बिल्ड म्हणजे चालणारा प्रोग्रॅम काढा, त्यांचा कॉम्प्युटर रिमोटवर घेऊन त्यात टाका, ह्यात दीड तास गेला, तोवर मुनीमजी हातानं पट्ट्या लिहीत बसले. शेवटी एवढंच म्हणले, "सर, रेट आमचा हाय, मग बदलायला तुम्ही कशाला लागता ओ?" मला उत्तर देता आलं नाही.

2023 ला पण असंच झालं होतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि दुसऱ्या एका प्रोग्रॅममधे जिल्ह्यांची नावं जागोजागी टाइप केलेली. पूर्ण फोल्डरवर फाइंड-रिप्लेस मारलं तर बिहारमधल्या औरंगाबादची एक पार्टी पण संभाजीनगरला आली, कळलं ते बिल छापल्यावर. तसं बघितलं तर जिल्ह्यांची यादी कायमची धरायलाच नको होती, 1981 ला जालना निघाला, 1982 ला लातूर, 1999 ला हिंगोली, मराठवाड्यात पाचाचे आठ झालेच की.

त्यानंतर मी दिसेल ते कॉन्फिगमधे, म्हणजे कोडाबाहेरच्या सेटिंगच्या फाइलीत टाकत सुटलो, क्विंटलचे 100 किलो सुद्धा! क्विंटल कोण बदलणारे? ती फाइल जेसन फॉरमॅटमधली, त्यात कॉमेंट म्हणजे बाजूला टीप लिहिता येत नाही, त्यामुळं कोणती ओळ कशाची ते कळेना, आणि एकदा शेवटी एक कॉमा जास्तीचा राहिला तर सकाळी प्रोग्रॅमच उघडला नाही. त्या धास्तीनं अडत दुकानाचं करताना परत सगळं कोडात ठेवलं.

आज रात्री बसून वेगळं केलं. शेतकऱ्याच्या पट्टीतली हमाली, तोलाई, खरेदीदाराच्या बिलातली अडत, सेस, हे रेट एका छोट्या फाइलीत, आणि प्रत्येक रेटला 'कोणत्या तारखेपासून' पण लावलं, कारण मागच्या महिन्याची पट्टी परत छापली तर तेव्हाचाच रेट यायला पाहिजे, नसता दिलेल्या पैशाचा हिशोबच जुळणार नाही. प्रोग्रॅम सुरू होतानाच फाइल तपासतो, रेट रिकामा राहिला तर कोणती ओळ ते मराठीत सांगतो. क्विंटल परत कोडात. पासवर्ड दोन्हीकडं नाही, तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या सिस्टिममधे वेगळा ठेवलेला.

उद्या सौदा निघायच्या आधी मुनीमजींना फोन करायचाय, नवीन रेट त्यांच्याच हातानं टाकून घेतो.