टाचणीची भोकं

मंगळवार, रात्री उशिरा

आजचंही चित्र बिघडवलं. रेषा छान उतरली होती, आत रंग भरायला घेतला आणि तीच मेली. दर वेळी हेच. आधी रेघ, मग रंग, आणि दोघांचं काही केल्या पटत नाही.

चिडून फ्रेंच चित्रकार मातीसचं पुस्तक काढून बसले. ‘स्विमिंग पूल’, १९५२. वय ८२. १९४१च्या पोटाच्या ऑपरेशनपासून गडी बहुतेक वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत. सूर मारणारे बघायला कान नावाच्या फ्रेंच शहरात गेला, उन्हानं बेजार होऊन परतला आणि म्हणाला, माझा तलाव मीच करतो. नीसच्या घरातली जेवणाची खोली. भिंतींना तरट. डोक्याच्या जरा वर पांढऱ्या कागदाचा पट्टा खोलीभर फिरवलेला आणि त्यात निळी माणसं पोहताहेत.

निळा रंग मात्र त्यानं लावलेलाच नाही! मदतनीस कागदांवर गौश (दाट, अपारदर्शक जलरंग) लावून ठेवायचे, हा कात्री चालवायचा. कापलेला तुकडा टाचणीनं भिंतीवर, मग जरा वर, जरा डावीकडे. छापील चित्रावर भिंग धरलं तर निळ्यात कुंचल्याचे फटकारे दिसतात, दुसऱ्याच हाताचे. (त्या हातांची नावं चित्राखाली नसतात, हे मला खुपतंच.) मग चित्र काढलं कुणी? माझ्या मते त्यानंच. कात्री फिरते तिथे रेघ आणि रंगाची कड एकदमच जन्मते, भरायला मागे काही उरत नाही. काही ठिकाणी अंग निळं आहे, काही ठिकाणी पाणी निळं आणि अंग म्हणजे नुसता उरलेला पांढरा कागद. याला म्हातारपणीचा विरंगुळा म्हणणाऱ्यांनी एकदा कात्री हातात घ्यावी.

पुढे ते तरट काळवंडलं, कागदावर डाग पडले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं जुनं तरट सोडवून नवं लावलं आणि २०१४मध्ये तलाव पुन्हा मांडला.

जेवणानंतर मीही एक कागद निळा केला. वाळेपर्यंत धीर निघेना, बोटांचे ठसे उमटले. पोहणारी बाई कापायला घेतली आणि खांद्याशी कात्री आत घुसली. रेघ खोडता येते, काप कसा खोडणार? बाई गेली. खाली पडलेली कातरण उचलली तर तिच्या बाकात पाठीचा झोक होता. तीच भिंतीला टाचली. चार वेळा हलवली, चार भोकं पडली.

उद्या उलटी लावून बघते.