मोमोतारोची वही: कुठवर आलं

बाकीच्या जपानी लोककथा सध्या बाजूला ठेवल्या आहेत. एकच कथा धरायची आणि तिची मिळतील तेवढी रूपं वाचायची, असं ठरवून मोमोतारोला घेऊन बसलोय. गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असेल. नदीतून वाहत आलेलं भलंमोठं पीच, त्यातून निघालेला मुलगा, किबिदांगोच्या लाडवांवर सोबतीला आलेले कुत्रा, माकड आणि किजी (रानकोंबड्यासारखा पक्षी), मग ओनींच्या, म्हणजे शिंगवाल्या राक्षसांच्या, बेटावर स्वारी आणि खजिना घेऊन घरी. लहान मुलांच्या पुस्तकांत याखाली हमखास लिहिलेलं असतं की जपानी माणसाचं धैर्य, एकजूट आणि आईवडिलांविषयीची कृतज्ञता यात दिसते. हे वाक्य कितपत टिकतं, ते बघण्यासाठीच हा उद्योग.

पहिली गंमत एदो काळातल्या (1603 ते 1868) लाल वेष्टनाच्या चित्रपुस्तकांत सापडली. तिथे बहुतेक ठिकाणी पीचमधून मूल निघतच नाही. म्हातारा-म्हातारी ते फळ खातात, एकदम तरणेताठे होतात आणि मग रीतसर घरात पाळणा हलतो! फळातून थेट जन्माचं रूपही तेव्हा होतं, पण ते सगळीकडे पसरलं त्यानंतरच्या मेइजी काळात (1868 ते 1912), गोष्ट शाळेत गेल्यावर. 1887 च्या सरकारी वाचनपुस्तकात मोमोतारो आहे. वर्गात सांगायला कुठलं रूप सोयीचं, हे मास्तरांना विचारायची गरज पडली नसावी.

मोमोतारो शाळेत जायच्या आधीही सगळ्यांना पटत नव्हता. ज्यांचा चेहरा परवापरवापर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर होता, त्या विचारवंत फुकुझावा युकिचींनी 1871 मध्ये आपल्या मुलांसाठी रोजचे धडे लिहिले. त्यात ते सरळ विचारतात: खजिना ओनींचा, त्यांनी जपून ठेवलेला, मग तो आणायला गेलेला मोमोतारो चोरच नाही का? ओनी लोकांना छळत असतील तर त्यांना धडा शिकवणं ठीक, पण माल घरी आणणं म्हणजे निव्वळ हाव. हे वाचून मी जुनी रूपं पुन्हा चाळली. ओनींनी नेमकं काय वाईट केलं होतं, हे कित्येक ठिकाणी सांगितलेलंच नाही. गावं लुटणारे, म्हणून शिक्षेला पात्र असे ओनी नंतरच्या पुस्तकांत ठळक होत जातात. आणि 1945 साली जपानी नौदलाच्या पुढाकाराने निघालेल्या अ‍ॅनिमेशनपटात मोमोतारो सेनापती झालेला असतो, समोरचे ओनी इंग्रजी बोलतात.

वहीतली सगळ्यात जास्त पानं मात्र ओकायामा आणि आसपासच्या तोंडी कथनांनी खाल्ली. (पुण्यातल्या मंडळींसाठी: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे, ती बाग याच ओकायामातली. तिथल्या विमानतळालाही मोमोतारोचं नाव दिलंय.) इथला मोमोतारो पक्का आळशी. शेजारची पोरं लाकडं आणायला डोंगरावर बोलवतात. पहिल्या दिवशी हा म्हणतो, पाठीवरची मोळीची चौकट नाही. दुसऱ्या दिवशी, गवताच्या चपला वळायच्यात. शेवटी नाइलाजाने जातो, तर तिथे जाऊन झोपतो. पोरांची लाकडं गोळा होतात, घरी निघायची वेळ होते, तेव्हा हा उठतो, एक अजस्र झाड मुळासकट उपटतो आणि खांद्यावर टाकून घरी आणतो. कुठे ठेवू, म्हणून घराला टेकवतो, आणि घर कोसळतं.

काही कथनांत ओनींचं बेट पुढे येतं, काहींत येतच नाही. मला यात आवडलं ते असं, की त्याला कुणी सुधारत नाही. आळशाचा कष्टाळू झाला, असा धडा नाही. डोंगरातल्या माणसांना या बिनकामाच्या ताकदीचं कौतुकही आहे आणि तिची धास्तीही. कष्टाळू, आज्ञाधारक मोमोतारो हा शाळेचा मुलगा. हा गावचा.

ओकायामाचीच उरा नावाच्या ओनीची दंतकथा मोमोतारोच्या मुळाशी आहे, असं तिथे मानतात. किनोजो डोंगरावरच्या उराला राजपुत्र किबित्सुहिको मारतो. पण कापलेलं मस्तक वर्षानुवर्षं ओरडत राहतं. शेवटी उराच स्वप्नात येऊन सांगतो, माझ्या बायकोला देवाचा नैवेद्य शिजवायला लाव. किबित्सु देवस्थानात आजही चुलीवर कढई ठेवून तिच्या घुमणाऱ्या आवाजावरून शुभाशुभ पाहतात. त्या चुलीखाली उराचं मस्तक आहे, असं सांगतात. म्हणजे हरलेल्याला नुसतं गाडत नाहीत, त्याला देवळात कामाला लावतात आणि त्याचं ऐकतातही. धैर्य-एकजूट-कृतज्ञतेच्या यादीत हे कुठे बसवायचं?

उराशिमाला नुसता हात लावून ठेवलाय. (कासवाला वाचवणारा कोळी, त्याला समुद्राखालच्या महालात नेतात, परतताना उघडू नको म्हणून एक पेटी देतात, ती तो उघडतो, ही ती गोष्ट.) कासवाला पोरांच्या तावडीतून सोडवण्याचा प्रसंग सगळ्यात जुन्या नोंदीत नाही. 'निहोन शोकी' या आठव्या शतकातल्या इतिहासग्रंथात 478 सालाखाली तो मोठं कासव पकडतो, त्याची बाई होते, तिच्याशी तो लग्न करतो, बस. 'मान्योशू' या जुन्या कवितासंग्रहातली दीर्घ कविता मात्र जबरदस्त आहे. पेटी उघडल्यावर पांढरा ढग निघून जातो आणि हा ओरडत, लोळत, पाय आपटत त्याच्या मागे धावतो. कवी शेवटी त्याला चक्क मूर्ख म्हणतो. उपकाराची फेड वगैरे काही नाही.

साधनांबद्दल थोडं. जपानी भाषा परीक्षेच्या एन-थ्री या मधल्या पातळीच्या आसपास असाल तर आओझोरा बुन्को या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावरच्या मुलांसाठीच्या आवृत्त्यांपासून सुरुवात करा, फुरिगाना (कांजींचा उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं) असतात. ओकायामाच्या बोलीतली कथनं मोठ्याने वाचल्याशिवाय मला कळत नाहीत. वहीत आता 'ओनींचा गुन्हा काय' असा एक रकाना वाढवलाय. पुढे काचि-काचि यामा ही लोककथा घेणार आहे, तानुकी (कोल्ह्यासारखा लबाड प्राणी) म्हातारीला मारून तिचंच सूप म्हाताऱ्याला वाढतो ते जुनं रूप आणि शेवटी माफी मागतो ते हल्लीचं, शेजारी शेजारी ठेवून. शिकोकू बेटाकडचं आळशी मोमोतारोचं एखादं कथन कुणाकडे असेल तर कळवा.