पौष पौर्णिमेची जत्रा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहायला बसलो आणि सर्वप्रथम डोळ्यांपुढे आली ती शाकंभरी पौर्णिमेपासून भरणारी मुंबईतल्या आमच्या प्रभादेवीची जत्रा. मधल्या सुट्टीत गुळाच्या पाकात घोळवलेला, आल्याच्या चवीचा खाजा कागदी पुड्यातून हातोहात वाटला जाई आणि पुढच्या तासाला वह्यांची पाने बोटांना चिकटत.

सातवीत असताना इतिहासाच्या बाईंनी विचारले, ‘‘देवी प्रभावती, मग तिची जत्रा शाकंभरी पौर्णिमेला का?’’ कोणालाच उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी, वालाच्या शेंगा, मुळा असे सारे काढून टेबलावर मांडले आणि अनावृष्टीने जग होरपळले असता आपल्या देहातून उपजलेल्या भाज्यांनी लोकांना पोसणाऱ्या शाकंभरीची देवीमाहात्म्यातील कथा सांगितली. परंपरा असे मानते की, ही मूर्ती मुळात शाकंभरीचीच, मध्ययुगात माहीमला राज्य करणाऱ्या बिंबराजाच्या कुलदेवतेची. आक्रमणाच्या काळात ती माहीमच्या विहिरीत दडवली गेली आणि अठराव्या शतकात श्याम नायक यांना दृष्टान्त झाल्यावर बाहेर काढून तिची येथे स्थापना झाली. यातले इतिहास म्हणून किती स्वीकारायचे, हे बाईंनी आमच्यावर सोपवले. मात्र देवीचे नाव बदलले तरी जत्रेची तिथी बदलली नाही, हे त्यांचे निरीक्षण मला आजही मोलाचे वाटते.

ती १९८२ ची जानेवारी होती. जत्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच १८ तारखेला सुमारे अडीच लाख कामगारांचा गिरणी संप सुरू झाला, आणि माझे वडील घरी बसले. पुढच्या वर्षी पाळण्यात बसायला पैसे नव्हते. मी सांगितलेली बाईंची गोष्ट आईच्या लक्षात राहिली होती; तिने नारळाऐवजी मेथीची एक जुडी देवीपुढे ठेवली.

वस्तीला देवीचे नाव असले तरी रेल्वे स्थानकाला ते होते १८५३ ते १८६० या काळातील मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे. राहायचो प्रभादेवीला आणि तिकीट काढायचो एल्फिन्स्टन रोडचे! जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले, तेव्हा मी मुद्दाम तिकीट काढून बाईंना दाखवायला नेले. थकलेल्या बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘यंदा पौर्णिमा कधी आहे रे?’’