महामार्ग संपला, पुढे पाणी

नकाशात बघाल तर रेवस-रेडी रस्ता कसा एका दमात ओढलेला दिसतो, वर अलिबागच्या पलीकडचं रेवस ते खाली गोव्याच्या वेशीवरचं रेडी, पाचशे किलोमीटरच्या वर, प्रमुख राज्य महामार्ग 4. आम्ही मे महिन्यात हरिहरेश्वरहून गुहागरला ह्याच रस्त्याने निघालो आणि जरा कुठे गाडीत मांडी ठोकून बसतोय तोवर महामार्ग संपला पण. बागमांडला. समोर सावित्रीची खाडी, रांगेत सात-आठ गाड्या आणि पाण्यात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब, ज्यांच्यावर बगळे मात्र मजेत.

ह्या सागरी महामार्गाचं स्वप्न मूळ अंतुल्यांचं, 1980 ते 82 ते मुख्यमंत्री होते तेव्हाचं. त्यांचं गाव आंबेत, तेही सावित्रीच्याच काठी, म्हणजे खाडी आडवी आली की काय होतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण खरी अडचण अशी की कोकणातली वाहतूक पूर्वी अशी उभी नव्हतीच, ती आडवी होती. बाणकोटहून गलबतं सावित्रीतून वर महाडपर्यंत जायची, दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या दारात, आणि पुढे घाटातून माल देशावर. खाडी हाच रस्ता होता हो! आता त्याच सगळ्या खाड्या कापत उत्तर-दक्षिण रस्ता न्यायचा म्हटल्यावर तो दर थोड्या वेळाने पाण्यात जाणारच. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे तेच, गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढवा आणि बंद करा. आता पुलांची कामं काढलीयत, बघू.

हर्णैला थांबून जेवलो (सुरमई ठीक, सोलकढी भारी) आणि दाभोळला पोचेपर्यंत चार वाजले. इथली फेरी 2003 पासून आहे, त्याआधी गाडी असेल तर चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर वळसा. धक्क्यावरच्या पोऱ्याने मला रिव्हर्समध्ये चढवायला लावलं, "या या या, डावी मारा, अजून या", आणि मागच्या टेम्पोत आणि आमच्यात जेमतेम वीतभर जागा, त्या फटीत एक मावशी मासळीची पाटी घेऊन अशा निवांत उभ्या की जणू एसटीचा स्टॉपच.

बाबा खाली उतरून कठड्याला टेकले. ते लहानपणी मुंबईहून आगबोटीने इथेच यायचे, आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून काठाला आणायचे, आजीला दर वेळी उलटी. "तिथे उभी राहायची बघ," असं म्हणून त्यांनी हात केला, मग विचार करून जरा डावीकडे केला, मग मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी काय तेवढी म्हातारी दिसते का काय तुम्हाला?" बाबा काहीतरी बोलणार तेवढ्यात रॅम्प धाडकन धोपाव्याच्या काँक्रीटवर पडला आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न द्यायला सुरुवात केली.