फ्रिडाचा चेहरा मी का काढत नाही

"एवढं फ्रिडा-फ्रिडा करता, मग तुमच्या चित्रांत ती दिसत का नाही?" माझी डिजिटल चित्रं पाहणारे हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

एकदा दिसली होती. टॅबलेट नवा होता तेव्हा मी मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोला नऊवारी नेसवली, नाकात नथ घातली, जुळलेल्या भुवयांवर चंद्रकोर रेखली. लोकांना फार आवडलं, मलाही. पुढे तिच्या कपड्यांबद्दल वाचत गेले आणि ते चित्र मी पुसून टाकलं.

ती घालायची तो पोशाख दक्षिण मेक्सिकोतल्या तेहुआंतेपेकच्या बायकांचा. वर आखूड, चौकोनी उइपिल, म्हणजे सैल पोलकं, खाली झालरीचा घेरदार परकर. तिथल्या बायका बाजार सांभाळणाऱ्या, ताठ कण्याच्या म्हणून ओळखल्या जातात. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत हा पोशाख म्हणजे 'आम्ही इथलेच' असं सांगणं होतं. शिवाय लहानपणच्या पोलिओने बारीक राहिलेला तिचा उजवा पाय त्या घेरात झाकला जाई. 1925 च्या बस अपघातात कणा मोडला, पुढे प्लास्टरचे, चामड्याचे, पोलादाचे, कण्याला आधार देणारे कॉर्सेट आले. तेही सैल उइपिलखाली मावत. एवढं पेलणारं वस्त्र मी उतरवलं होतं, का, तर नऊवारी छान दिसते म्हणून.

आणि चेहरा तर तिने स्वतःच काढून ठेवलाय. तिच्या चित्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्वतःचीच आहेत. त्यात मी आणखी काय भर घालणार? पिशव्यांवर, कपांवर तो इतका छापला गेलाय की त्यातलं दुखणंच नाहीसं झालंय.

म्हणून मी शिवण काढते. तेहुआंतेपेकच्या उइपिलांवर मशीनने घातलेल्या साखळी टाक्याच्या भौमितिक पट्ट्या असतात. हा टाका मी आईजवळ बसून, उशीच्या अभ्र्यावर शिकले. पहिल्यांदा उइपिलचा जवळून घेतलेला फोटो पाहिला तेव्हा डोळ्यांआधी बोटांनी ओळखला. टॅबलेटवर एका कडीचा ब्रश बनवला की वीतभर साखळी एका ओढीत उमटते. तसं करून पाहिलं. सगळ्या कड्या सारख्या, निर्जीव. खऱ्या शिवणीत दोरा कुठे ताणला जातो, कुठे सैल पडतो. आता कडी न् कडी हाताने काढते. एका पट्टीला आठवडा जातो, जाऊ दे.

सध्या काळ्या उइपिलवर झेंडू भरतेय. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिकडे मृतांच्या दिवशी पूर्वजांची वाट त्याने सजते, आपल्याकडे दसऱ्याला दाराचं तोरण. फ्रिडाच्या डायरीत पिवळ्या रंगापुढे वेड, आजार, भीती असं लिहिलंय, आणि पुढे सूर्य नि आनंदही. माझ्या हाताला पिवळा म्हटलं की हळद सुचते. दोन्ही पिवळे वेगळ्या लेअरवर ठेवलेत. वर कुठला ठेवायचा, ते अजून ठरत नाहीये.